लिनक्सवर ग्राफिक्स कार्ड रुसलं, तर कुठून सुरुवात कराल?

डेस्कटॉपवर लिनक्स वापरणाऱ्या वाचकांकडून एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत येत राहते. कुणाचा पीसी अपडेटनंतर काळ्या पडद्यावरच अडकतो. कुणाचा व्हिडिओ पाहता पाहता हँग होतो. कुणाच्या स्क्रीनवर स्लीपमधून उठल्यावर रंगीबेरंगी पट्टे येतात. आणि तक्रारीच्या शेवटी बहुतेकांनी विचारलेलं असतं, ‘सरळ फॉरमॅट मारू का?’

मारू नका. फॉरमॅट करून पुन्हा अपडेट केलंत की तोच कर्नल, तोच ड्रायव्हर आणि तेच कार्ड परत एकत्र येतात, आणि दुखणंही त्यांच्यामागून येतं. वर बिघाडाचा पुरावा असलेला लॉग पुसला जातो तो वेगळाच. ग्राफिक्सच्या दुखण्याला चार जागा असतात: कर्नलमधला ड्रायव्हर, त्याच्यावर चालणारं मेसा हे मुक्त किंवा एनव्हिडियाचं सॉफ्टवेअर, डेस्कटॉपचं सत्र आणि खुद्द हार्डवेअर. यातली कुठली जागा दुखते आहे ते आधी ठरवा. मग एका वेळी एकच बदल करा आणि निकाल पाहिल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका. हे पथ्य पाळलं, तर बहुतेक पीसी फॉरमॅटशिवाय मार्गी लागतात.

एक सूचना: या लेखात कमांड उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करा. मधल्या रेघा आणि मोकळ्या जागा जशाच्या तशा ठेवा.

आधी लक्षण नीट पाहा

‘हँग होतो’ एवढ्या माहितीवर काहीच ठरवता येत नाही. पुढच्यापैकी तुमचं लक्षण कोणतं ते पाहा:

- अपडेटनंतर लगेच काळा पडदा: नव्या कर्नलसाठी ड्रायव्हरचं मॉड्यूल तयार झालेलं नाही किंवा सिक्युअर बूटने ते अडवलं आहे, असा पहिला संशय घ्या.
- फक्त ब्राउझरमध्ये पट्टे किंवा लुकलुक: ब्राउझरच्या सेटिंगमधलं ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन बंद करून पाहा. तेवढ्याने थांबलं, तर बाकी यंत्रणेला हात लावायचं कारण नाही.
- फक्त स्लीपमधून उठल्यावर गोंधळ: ड्रायव्हरची स्लीपच्या वेळची मांडणी तपासा. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.
- फक्त गेम किंवा व्हिडिओ रेंडरिंगच्या वेळी पीसी बंद पडणं: आधी एसएमपीएस आणि तापमान, मग ड्रायव्हर.
- सगळं चालतं, पण कमालीचं संथ: कार्डाचा ड्रायव्हर वापरातच नसेल आणि सगळा भार प्रोसेसरवर पडत असेल.

एक साधी चूकही वगळून टाका. मॉनिटरची केबल कार्डाच्या पोर्टला लावली आहे ना? कॅबिनेटच्या मागे वरच्या बाजूला मदरबोर्डचंही एचडीएमआय पोर्ट असतं. केबल तिथे लागली असेल, तर तुम्ही नवं कार्ड नव्हे, प्रोसेसरमधलं ग्राफिक्स वापरत आहात.

कार्ड कोणतं, ड्रायव्हर कोणता?

टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय -के’ ही कमांड द्या. मोठी यादी येईल. तिच्यात व्हीजीए किंवा थ्रीडी कंट्रोलर असा शब्द असलेली नोंद शोधा. त्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ या ओळीपुढे एक नाव दिसेल:

- एनव्हिडिया: कंपनीचा ड्रायव्हर चालू आहे.
- नूवो: एनव्हिडिया कार्डासाठी समुदायाने लिहिलेला मुक्त ड्रायव्हर चालू आहे.
- एएमडीजीपीयू: एएमडीचा ड्रायव्हर. तो कर्नलमध्येच असतो.
- आय९१५ किंवा एक्सई: इंटेलचे ड्रायव्हर. तेही कर्नलमध्येच असतात.
- ही ओळच नाही: कार्ड दिसतं आहे, पण त्याला ड्रायव्हर मिळालेला नाही.

दुसरी तपासणी ‘जीएलएक्सइन्फो -बी’ या कमांडने करा. यातला शेवटचा ‘बी’ मात्र मोठा टाइप करायचा. कमांड सापडली नाही, तर उबुंटू, मिंट आणि डेबियनवर ‘मेसा-युटिल्स’ हे पॅकेज टाका. ‘रेंडरर’च्या ओळीत तुमच्या कार्डाचं नाव हवं. तिथे ‘एलएलव्हीएमपाइप’ दिसलं, तर चित्र कार्ड नव्हे, प्रोसेसर काढतो आहे.

पडदा काळा असेल तर आत कसं शिरायचं?

पॉवर बटण दाबून धरणं हा शेवटचा उपाय. त्याआधी या क्रमाने जा:

1. कंट्रोल, आल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. काळ्या पडद्यावर अक्षरांत लॉगिन आलं, तर पीसी जिवंत आहे, फक्त डेस्कटॉप कोसळला आहे. पुढचं सगळं काम इथूनही करता येतं.
2. तेही नसेल, तर आल्ट आणि प्रिंट स्क्रीन धरून एस, यू, बी ही अक्षरं सावकाश, एकामागून एक दाबा. उबुंटूत ही सोय मुळातच चालू असते. आधी डिस्कवरचं लिखाण पूर्ण होतं, मग डिस्क फक्त वाचनापुरती उरते आणि शेवटी पीसी रीस्टार्ट होतो. फाइल खराब होण्याचा धोका त्यामुळे कमी होतो.
3. सुरू होताना ग्रबचा, म्हणजे बूटलोडरचा, मेनू आणा. त्यासाठी एस्केप आणि जुन्या बायोसवर शिफ्ट दाबा. ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन आधीचा कर्नल निवडा. जुन्या कर्नलवर सगळं सुरळीत चाललं, तर गाठ नव्या कर्नलशी किंवा त्याच्यासाठी तयार न झालेल्या मॉड्यूलशी आहे, हे कळलं.
4. जुना कर्नलही चालत नसेल, तर ‘नोमोडसेट’ वापरा. ग्रबमध्ये पहिल्या नोंदीवर असताना ‘ई’ दाबा. ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा, तिच्या शेवटी एक जागा सोडून ‘नोमोडसेट’ लिहा आणि एफ१० दाबा. स्क्रीन ओबडधोबड दिसेल, वेग नसेल, पण आत जाता येईल. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो. तो कायमचा करून ठेवू नका. तसं केलं तर कार्ड असून नसल्यासारखं होतं.

लॉग काय सांगतो?

पीसी पुन्हा सुरू झाल्यावर ‘सुडो जर्नलसीटीएल -के -बी -१’ ही कमांड द्या. ‘जर्नल’नंतर सी, टी, एल ही तीन अक्षरं जोडून येतात. ‘-बी -१’ म्हणजे आत्ताच्या नव्हे, आधीच्या वेळचा लॉग. बिघाड त्यातच आहे. ‘एंड’ हे बटण दाबून शेवटाला जा आणि तिथून वर वाचत या.

एनव्हिडिया कार्ड असेल, तर ‘एनव्हीआरएम’ आणि ‘एक्सआयडी’ हे शब्द असलेली ओळ शोधा. एक्सआयडीपुढे कंसात कार्डाचा पत्ता असतो आणि त्यानंतर येणारा आकडा महत्त्वाचा. ३१ असेल तर मेमरीच्या चुकीच्या पत्त्यावर हात पडला, म्हणजे बहुतेक वेळा एखादं ॲप किंवा ड्रायव्हर दोषी. १३ असेल तरी आधी त्या वेळी चालू असलेल्या ॲपकडे पाहा. मात्र ७९ असेल आणि पुढे ‘जीपीयू हॅज फॉलन ऑफ द बस’ असं लिहिलेलं असेल, तर मदरबोर्डला कार्ड दिसेनासंच झालं आहे. अशा वेळी ड्रायव्हर बदलत बसण्याआधी कॅबिनेट उघडा.

एएमडीच्या कार्डावर ‘रिंग जीएफएक्स … टाइमआउट’ आणि त्याखाली ‘जीपीयू रिसेट बिगिन’ अशा ओळी येतात. कार्डाला दिलेलं काम वेळेत संपलं नाही, म्हणून ड्रायव्हरने कार्ड पुन्हा सुरू करायचा प्रयत्न केला, असा त्याचा अर्थ. इंटेलवर तशाच प्रसंगी ‘जीपीयू हँग’ दिसतं. या ओळी वेळेसकट एका फाइलमध्ये उतरवून ठेवा.

आणि लॉग मध्येच तुटला असेल, शेवटी चुकीची एकही ओळ नसेल, तर कर्नलला लिहायला सवडच मिळालेली नाही. अशा वेळी संशयाची सुई वीजपुरवठा, रॅम आणि तापमानाकडे वळवा.

त्याच बैठकीत बिघाडाच्या आदल्या दिवशी काय काय अपडेट झालं तेही पाहून घ्या. उबुंटू, मिंट आणि डेबियनवर एपीटीच्या लॉगच्या फोल्डरमध्ये ‘हिस्टरी’ नावाची फाइल असते. तिच्यात प्रत्येक पॅकेजची जुनी आणि नवी आवृत्ती तारखेसह लिहिलेली असते.

एनव्हिडिया कार्ड असेल तर

सर्वांत जास्त तक्रारी इथे आहेत. कारण सरळ आहे: हा ड्रायव्हर कर्नलबाहेर तयार होतो आणि प्रत्येक नव्या कर्नलशी त्याची गाठ नव्याने बांधावी लागते. आधी तुमच्या कार्डाची पिढी आणि ड्रायव्हरची शाखा जुळते का ते पाहा:

- आरटीएक्स ५० मालिका: फक्त खुली कर्नल मॉड्यूल चालतात. ड्रायव्हरच्या नावात ‘ओपन’ असलेलं पॅकेज घ्या.
- जीटीएक्स १६, आरटीएक्स २०, ३० आणि ४०: खुली आणि बंद, दोन्ही मॉड्यूल चालतात. एकावर त्रास झाला, तर दुसरं जरूर करून पाहा.
- जीटीएक्स ७५०, ९०० आणि १००० मालिका: या कार्डांसाठी ५८० ही शेवटची शाखा. त्यापुढचा ड्रायव्हर टाकला तर कार्ड ओळखलंच जाणार नाही. आपल्याकडे अजून भरपूर वापरात असलेली १०५० टीआय आणि १०६० यातच येतात.
- जीटी ७१० आणि त्या पिढीची कार्डं: ४७० शाखा. २०२४ नंतर कंपनीकडून तिला दुरुस्त्या येत नाहीत, त्यामुळे नव्या कर्नलवर ती अडखळू शकते. साध्या ऑफिसकामासाठी नूवो पुरेसा ठरतो.

मात्र ९०० आणि १००० मालिकेतल्या कार्डांचा वेग नूवोला वाढवता येत नाही. त्यामुळे तिथे गेम खेळायचे असतील, तर कंपनीच्या ड्रायव्हरला पर्याय नाही.

ड्रायव्हर टाकण्याची वाट तुमच्या वितरणाचीच असू द्या. उबुंटूवर ‘उबुंटू-ड्रायव्हर्स डिव्हायसेस’ ही कमांड पर्याय दाखवते आणि शिफारस केलेल्यापुढे तसं लिहिते. ‘सुडो उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल’ने तो बसतो. मिंटमध्ये ‘ड्रायव्हर मॅनेजर’ आहे. फेडोरावर आरपीएम फ्यूजनमधलं ‘अकमॉड-एनव्हिडिया’ टाकल्यावर लगेच रीस्टार्ट करू नका, मॉड्यूल तयार व्हायला काही मिनिटं लागतात. ‘मॉडइन्फो -एफ व्हर्जन एनव्हिडिया’ या कमांडला आवृत्तीचा आकडा मिळाला, मगच रीस्टार्ट करा. इथला ‘एफ’ मोठा.

कर्नल अपडेटनंतर ड्रायव्हर गायब झाला असेल, तर ‘डीकेएमएस स्टेटस’ पाहा. चालू कर्नलच्या आकड्यापुढे ‘इन्स्टॉल्ड’ नसेल, तर मॉड्यूल तयार झालेलं नाही. बरेचदा त्या कर्नलचं ‘हेडर्स’ पॅकेज नसतं. ते टाकून ड्रायव्हरचं पॅकेज पुन्हा बसवा.

सिक्युअर बूटची निळी खिडकी

मॉड्यूल तयार आहे, तरी ‘एनव्हिडिया-एसएमआय’ ही कमांड ड्रायव्हरशी बोलता येत नाही म्हणते. ‘सुडो मॉडप्रोब एनव्हिडिया’ केलं, तर उत्तर येतं, ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’. याचा अर्थ स्वाक्षरी ओळखीची नाही म्हणून सिक्युअर बूटने मॉड्यूल दारातच अडवलं आहे.

ड्रायव्हर टाकताना तुम्हाला एक पासवर्ड ठरवायला सांगितलं गेलं असेल. पुढच्या रीस्टार्टला निळ्या रंगाचा पडदा येतो आणि काही सेकंदच थांबतो. तिथे कोणतंही बटण दाबून ‘एनरोल मॉक’, मग ‘कंटिन्यू’, मग ‘येस’ निवडायचं आणि तो पासवर्ड द्यायचा. अनेक जण हा पडदा पाहत बसतात, तो निघून जातो आणि किल्ली नोंदवायची राहते. संधी हुकली असेल, तर उबुंटूवर ‘सुडो अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी --एनरोल-की’ देऊन पुन्हा रीस्टार्ट करा.

बायोसमधून सिक्युअर बूट बंद करणं हाही मार्ग आहे. पण त्याच पीसीवर विंडोज असेल आणि बिटलॉकर चालू असेल, तर आधी रिकव्हरी की हाताशी ठेवा. नाहीतर लिनक्स सुरू होईल आणि विंडोजचं दार बंद होईल.

एएमडी आणि इंटेल: वेगळा ड्रायव्हर शोधू नका

इथे तीन गोष्टी एकमेकींशी जुळायला हव्यात: कर्नल, मेसा आणि ‘लिनक्स-फर्मवेअर’ पॅकेज. नव्या कार्डावरचा त्रास बहुतेक वेळा यातलं एखादं जुनं असल्याने होतो. डेबियन १२ जून २०२३ मध्ये ६.१ कर्नल घेऊन आलं, तर रेडिऑन आरएक्स ९०७० हे कार्ड मार्च २०२५ मध्ये बाजारात आलं. जन्माआधीच्या कर्नलने ते ओळखावं, ही अपेक्षाच चुकीची. असं कार्ड घेतलं असेल, तर डेबियन १३ वर जा किंवा बॅकपोर्ट्समधून तिन्ही गोष्टी नव्या करा. उबुंटू २४.०४ वर नियमित अपडेट घेतलेत, तरी मूळच्या ६.८ पेक्षा पुढचा कर्नल मिळतो.

उलट प्रकारही घडतो. जुनं कार्ड वर्षानुवर्षं शहाण्यासारखं चालत असतं आणि एखाद्या अपडेटनंतर ‘टाइमआउट’ येऊ लागतात. तेव्हा ग्रबमधून आधीचा कर्नल निवडून काही दिवस काम करा. त्रास थांबला, तर त्याच कर्नलवर राहा आणि पुढच्या दुरुस्तीची वाट पाहा.

वेलँड की झॉर्ग?

लॉगिनच्या पडद्यावर नाव निवडलं की कोपऱ्यात चक्राचं चिन्ह दिसतं. तिथून वेलँड किंवा झॉर्ग यांपैकी डेस्कटॉपचं सत्र बदलता येतं. एका सत्रात लुकलुक होते आणि दुसऱ्यात होत नाही, तर कार्ड धडधाकट आहे, हे विनाखर्च कळतं. एनव्हिडियावर वेलँडमध्ये होणारी जुनी लुकलुक ५५५ शाखेपासून, म्हणजे २०२४ पासून, बरीच आटोक्यात आली. तुमचा ड्रायव्हर त्याआधीचा असेल, तर आधी तो पुढे न्या. उबुंटू २५.१० पासून ग्नोमचं झॉर्ग सत्र काढून टाकलं आहे. ज्यांना झॉर्गची गरज आहे, त्यांनी सध्या २४.०४ वर राहावं.

स्लीपमधून उठल्यावर एनव्हिडियाचा पडदा विस्कटत असेल, तर ‘सिस्टमसीटीएल इज-एनेबल्ड एनव्हिडिया-सस्पेंड’ विचारून पाहा. ‘डिसेबल्ड’ असं उत्तर आलं, तर ‘एनव्हिडिया-सस्पेंड’ आणि ‘एनव्हिडिया-रिझ्यूम’ या दोन्ही सेवा चालू करा.

ड्रायव्हर निर्दोष असेल तेव्हा

पीसी असेंबल करताना पैसे वाचवायचे झाले की पहिली कात्री एसएमपीएसला लागते. मग कार्डाने अचानक जास्त वीज मागितली की पीसी बंद पडतो आणि बोल ड्रायव्हरला लागतो. पीसी बंद करून, प्लग काढून हे तपासा:

- कार्ड स्लॉटमध्ये पूर्ण बसलं आहे का आणि पॉवर केबल ‘टक’ आवाज येईपर्यंत आत गेली आहे का.
- पंखे फिरतात का, जाळीत धूळ साचली आहे का. एप्रिल-मेमध्ये विदर्भात खोलीचंच तापमान चाळिशीला टेकतं, तेव्हा हिवाळ्यात सुरळीत चालणारा पीसीही दगा देतो.
- बायोसमध्ये रॅमसाठी एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू असेल, तर तो बंद करून पाहा. रात्रभर मेमटेस्ट लावा.
- मॉनिटरची केबल आणि पोर्ट बदलून पाहा.
- शक्य असेल तर कार्ड मित्राच्या पीसीत लावून पाहा. याइतका खात्रीचा पुरावा दुसरा नाही.

हे टाळा

- एनव्हिडियाच्या साइटवरची ‘रन’ फाइल वितरणाच्या पॅकेजवर चढवणं. दोघांच्या फाइल एकमेकींत मिसळतात आणि पुढच्या कर्नल अपडेटला सगळं कोसळतं. टाकली असेल, तर तीच फाइल ‘--अनइन्स्टॉल’सह चालवून काढा, मग पॅकेज बसवा.
- कुठेतरी वाचलेले कर्नलचे चार-पाच पर्याय एकदम टाकणं. त्रास गेला, तरी कशाने गेला ते कळत नाही.
- चालणारा जुना कर्नल जागा मोकळी करण्यासाठी काढून टाकणं.
- मोठ्या अपडेटआधी टाइमशिफ्टचा स्नॅपशॉट न घेणं.
- लॉग जसाच्या तसा लोकांसमोर टाकणं. त्यात पीसीचं नाव, वापरकर्त्याचं नाव, सीरियल नंबर असू शकतात. ते आधी खोडा.

तुमचे हक्क कुठे सुरू होतात?

मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्यात हमी नसते. त्यामुळे मेसा किंवा कर्नलच्या चुकीसाठी नुकसानभरपाई मागता येत नाही. लॉगसकट नीट लिहिलेली बग-नोंद हाच तिथला मार्ग. एनव्हिडियासाठी ‘एनव्हिडिया-बग-रिपोर्ट’ ही स्क्रिप्ट लागणारी सगळी माहिती एका फाइलमध्ये गोळा करून देते.

कार्ड हा मात्र पैसे मोजून घेतलेला माल आहे आणि त्यातल्या दोषाला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू होतो. त्यासाठी खरेदीच्या वेळीच काळजी घ्या: पक्कं बिल घ्या, त्यावर कार्डाचा सीरियल नंबर लिहून घ्या. परदेशातून आणवलेल्या कार्डाची वॉरंटी भारतात चालते का ते विचारा. कूलर उघडण्याआधी वॉरंटीच्या अटी वाचा. विक्रेता दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तिथेही काम झालं नाही, तर तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही.

काउंटरवर हमखास ऐकू येणारं उत्तर म्हणजे, ‘लिनक्सला आमचा सपोर्ट नाही.’ त्यावर वाद घालू नका. घरी असताना बायोसच्या पडद्याचं मोबाइलवर चित्रीकरण करून ठेवा. तिथेही पट्टे दिसत असतील, तर त्या क्षणी लिनक्स सुरूच झालेलं नसतं, विंडोजही नसतं आणि त्यांचा कोणताही ड्रायव्हर नसतो. केबल आणि मॉनिटर बदलूनही तेच दिसलं, आणि दुसऱ्या पीसीत लावून केलेल्या चित्रीकरणातही कार्डाने तीच लक्षणं दाखवली, तर दोष कार्डाचाच. ते दोन व्हिडिओ आणि पक्कं बिल घेऊन जा.